पट्टीपुरतं हिरवं

बस इथं, पायरीवर. तो पाइप आधी बंद कर. हो, बंदच कर, गवत काही तहानेनं मरत नाही. आता ऐक. उद्यापासून हे लॉन तुझ्या ताब्यात, आणि ऑफिसातल्या साहेबांनी मला बजावलंय की नव्या माणसाला सगळं नीट समजावून द्या. समजावण्यासारखं फार काही नाही. पण एक गोष्ट सांगतो, एका ड्रायव्हरची आणि त्याच्या बायकोची. मध्ये उठायचं नाही. मध्ये थांबलो की मला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि तेवढा दम आता राहिलेला नाही.

तू वॉचमनकी करून आलायस, म्हणजे हिवाळ्यातलं अर्धं काम तुला येतंच. हसू नकोस. हे गवत उन्हाळी, हरळीच्या जातीचं. ऊन जितकं कडक तितकं हे खूश. थंडी पडली की गप झोपतं. आधी शेंडे पिवळे, मग सगळंच वाळक्या पेंढ्यासारखं. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. मेलेलं नसतं. खाली मातीत सगळं शाबूत असतं, वरून हाक मारली तर ओ देत नाही एवढंच. तर थंडीच्या तोंडावर मशीनचं पातं जरा वर घ्यायचं, गवत उंच ठेवायचं. खत बंद. पाणी क्वचित, माती भेगाळायला लागली तरच, आणि तेही उन्हं असताना. पाला रोज दाताळ्यानं ओढून काढायचा, नाहीतर त्याच्याखाली कुजतं. आणि सकाळी दव गोठून मीठ टाकल्यासारखं पांढरं दिसत असेल, तेव्हा कुणाच्या बापाला त्यावर पाय देऊ द्यायचा नाही. गोठलेली पात काचेसारखी मोडते. पाऊल पडलं की काळा ठसा, तो उन्हाळ्यापर्यंत तुझ्याकडं बघत बसतो.

म्हणजे काम काय, तर आपण काही करायचं नाही आणि दुसऱ्यालाही काही करू द्यायचं नाही. सोपं वाटतं ना? उन्हाळ्यात मी दिवसभर मशीन ढकलायचो, घरी जाऊन चार घास खाल्ले की मेल्यासारखा झोपायचो. हिवाळ्यात घरी गेलो की आमची ही विचारायची, "आज काय केलंत?" मी म्हणायचो, "काही नाही." तर म्हणायची, "मग एवढं तोंड कशानं उतरलंय?" आता काय सांगणार तिला, ओरडून उतरलंय. या दवाखान्यात कंबर मोडलेली, पाय गेलेली माणसं महिनोन्‌महिने राहतात, नव्यानं चालायला शिकतात. त्यांना भेटायला घरचे येतात, पोरं घेऊन येतात, आणि सगळ्यांना नेमकं लॉनवरच बसायचं असतं. मी इकडून ओरडतोय, पाय नको. तिकडून ओरडतोय, पाय नको, मरतं ते. शेवटी माझं नावच पडलं, पायनको काका. नर्सासुद्धा तेच म्हणायच्या. पगाराच्या कागदावर यायचं तेवढं राहिलं.

तर त्या वर्षी थंडीच्या जरा आधी हा ड्रायव्हर आला. लांब पल्ल्याची बस चालवायचा. रस्त्याच्या कडेला टायर बदलत होता, जॅक निसटला आणि कंबर दाबली गेली. ऑपरेशन दुसरीकडं झालं, चालायला शिकायला इथं पाठवला. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. खुर्चीची चाकं ढकलत यायचा आणि तोंडानं हॉर्न वाजवायचा.

त्याचं दुखणं कमरेत होतं, पण खरी अडचण घराच्या जिन्यात होती. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्टचं नाव नाही. बायको तिथल्याच एका कारखान्यात शिलाई मशीनवर, मुलगी शाळेत. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या गावाला. तो म्हणाला, "माझ्याकडं ये, खाली गाडी लावतो त्याला लागून खोली आहे, तिथं पडून राहा." भाऊ मनानं वाईट नव्हता. पण बायकोनं काम सोडलं असतं तर खाणार काय? म्हणजे नवरा तिकडं गाडीच्या शेजारी आणि बायको-मुलगी इकडं वर. दवाखान्यानं सांगून टाकलं होतं, थंडी संपेपर्यंत खाट तुझी. तोवर जिना चढलास तर घरी जा, नाहीतर भावाकडं. पुढच्या माणसाला खाट हवी होती, त्यांचंही चुकत नव्हतं.

आत खोलीत दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून तो बरा चालायचा. दांड्या सोडून बाहेर सिमेंटवर आणला की गुडघे लटपटायचे. एकदा पडला, हनुवटी फुटली. मग व्यायामाच्या बाई माझ्याकडं आल्या.

"काका, मला तुमचं लॉन हवंय."

"माझं डोकंही घेऊन जा बरोबर."

"त्याला मऊ जमीन पाहिजे. पडलं तरी लागत नाही एवढं मनानं घेतलं ना, तर तो चालेल."

"मग गाद्या टाका."

"गादीत पाय रुततो. फक्त एक पट्टी द्या, काका."

मी नाहीच म्हणणार होतो. पण बाईंच्या मागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या नुसत्या बघत होत्या. त्या बघायला लागल्या की डॉक्टरसुद्धा घसा खाकरायचे. मी मुकाट्यानं कुंपणाच्या झुडपांना लागून खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि एक पट्टी आखून दिली. म्हटलं, "दोरीच्या बाहेर पाय गेला तर मी आहे आणि तुम्ही आहात."

ड्रायव्हर दोरी बघून म्हणाला, "म्हणजे ही माझी लेन."

"लेन सोडलीस तर दंड."

"काका, आयुष्यात लेन सोडली नाही. जॅकनं सोडली."

आणि चालायला लागला बाबा. पहिल्यांदा बाईंच्या खांद्याला धरून, मग काठीवर. पडायचा, लोळायचा, हसायचा. म्हणायचा, "गाडी खड्ड्यात गेली, धक्का मारा." मी लांबून बघायचो. प्रत्येक वेळी तो धपकन पडला की मी दाताळं टाकून दोन पावलं पुढं यायचो, ती त्याच्यासाठी किती आणि गवतासाठी किती, ते मलाच ठाऊक नाही. पण ओरडलो नाही. म्हणजे त्याच्यावर नाही ओरडलो. बाकीच्यांवर रोजचा रतीब चालूच होता, पाय नको, मरतं ते. तो तिथंच पट्टीवर उभा असायचा आणि ऐकायचा.

मग थंडी उतरली. गवत पिवळं पडायला लागलं, आणि जिथं रोज पाय पडत होते ती पट्टी सगळ्यात आधी. आणि एक दिवस ड्रायव्हर बाहेर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची ढकलत आणला, तर उठायला तयार नाही. कंबर दुखते म्हणाला. मग म्हणाला, डोकं दुखतं. बाईंनी समजावलं, रागावल्या, शेवटी त्याच्या समोरच डोळे पुसत आत गेल्या. हा खुर्ची फिरवून लॉनकडं पाठ करून बसायचा. हॉर्न बंद. भावाचा फोन आला की नुसतं हो हो करायचा.

मी चहा घेऊन गेलो. म्हटलं, "काय रे, पेट्रोल संपलं?"

त्यानं कप न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, मी तुमचं लॉन मारलं."

मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. "अरे वेड्या, झोपलंय ते. दर थंडीत झोपतं."

"गवत झोपतं?"

"तू गवत पाहिलंयस कधी? जन्म सगळा डांबरावर गेला तुझा."

"मग जिथं मी चाललो तिथंच आधी का झोपलं?"

मी खुरप्यानं पट्टीतलं एक ढेकूळ उचकटून आणलं, त्यातली जाड मुळी मोडून दाखवली. आतून पांढरी, ओली, जिवंत. त्यानं बोटानं चाचपली. आणि म्हणाला, "काका, तुम्ही फार चांगले आहात."

झालं, म्हणजे विश्वास बसला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तुम्हीच दिवसभर ओरडता ना, मरतं ते, असं म्हणाला. खोटं ओरडता का? इतकी वर्षं घसा फोडून मी लोकांना जे सांगितलं, ते मनावर घेणारा हा एकच भेटला, आणि तो नेमका असा.

मी बाईंना सांगितलं, सिस्टरना सांगितलं. त्या दोघींनीही त्याला सांगितलं. त्याला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवून घेतलंय. रोज थंडी वाढत होती आणि तो रोज पाठ करून बसत होता. खाटेची मुदत काही तुमच्यासाठी थांबत नाही, असं बाई म्हणायच्या. खरंच होतं ते.

आता त्याच्या बायकोचं ऐक. बारीक चणीची, कमी बोलणारी. संध्याकाळी कारखाना सुटला की दोन बस बदलून यायची. मी साधारण त्याच सुमाराला घरी निघालेला असायचो, त्यामुळे तोंडओळखीपुरतीच ओळख. एका सकाळी येऊन बघतो तर पट्टीवर एक जुना रग अंथरलेला, चारी कोपऱ्यांवर विटा. मला वाटलं, धुलाईच्या दोरीवरून उडाला असेल. विटांचं मात्र डोक्यात आलं नाही, सकाळी सकाळी माझं डोकं जरा उशिरा येतं. रग उचलून धुलाईवाल्या मावशीकडं नेला.

ती म्हणाली, "हा आमचा नाही. आणि असला कळकट रग आमचा म्हणून आणायला लाज नाही वाटत?"

परत आलो. पट्टी ओली चिंब. ठिकठिकाणी खताचे पांढरे दाणे. झोपलेल्या गवताला थंडीच्या रात्री पाणी, वर खत, त्यावर पांघरूण. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात जेवण कोंबून वर उशी दाबायची. मग चार दिवस मी तापानं घरी, परत येऊन बघतो तर दुसरा रग. तो उचलला तर खालून वास. वाळक्या पातींवर पांढरी जाळी धरलेली, बोट लावलं की काळा लगदा. बाकीचं लॉन पेंढ्यासारखं पिवळं, झोपलेलं, आणि ही पट्टी मात्र खरीच मेली. ड्रायव्हरनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत फिरवली. माझ्याकडं बघायचंही त्यानं टाळलं.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो नाही. झुडपांच्या मागे घमेलं उपडं घालून बसलो. अशी शिवी तयार ठेवली होती की काय सांगू. उजेड जायच्या आत ती आली. हातात बादली, काखेत आणखी एक रग. गुडघ्यावर बसली आणि ओंजळीनं पाणी घालायला लागली, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं.

मी उठलो. "बाई, काय चाललंय?"

ती दचकली नाही. तेवढं दचकायला अंगात काही उरावं लागतं. म्हणाली, "काका, थंडी फार आहे ना. उबेला राहील."

"ते गवत आहे, बाळ नाही."

"हो. पण हे म्हणाले, गवत परत हिरवं झालं तर मी उठेन. त्यांना वाटतं, ते जिथं जातील तिथं नुकसानच होतं. गाडीचं झालं, घराचं झालं, आता तुमचं."

"आणि हा रग?"

"मुलीचा आहे. ती माझ्या पांघरुणात झोपते सध्या. जागा पुरते."

मी शिवी गिळली. ती तिथंच कडेच्या दगडावर टेकली, बादली मांडीशी धरून, आणि मी पुढं काय बोलावं याचा विचार करतोय तोवर तिचा डोळा लागला. बसल्या बसल्या. मान खाली आणि बोटांवर सुईच्या टोचण्या. आता अशा बाईला जागं करून सांगू, की बाई, नवऱ्यानं नाही, तू मारलंस ते गवत? सांगितलं असतं तर खरंच होतं. तिनं जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं, तेही खरं. आणि मग तो आयुष्यात खुर्चीतून उठला नसता, कारण आता त्याच्या पायी तिच्याही डोक्यावर पाप. काही खरं बोलायला काळवेळ लागते, आणि मला काही ती वेळ दिसेना.

मी तिला हलवून उठवलं. म्हटलं, "रग घेऊन जा, पोरगी गारठेल. तू पुष्कळ केलंस. आता यापुढचं औषध माझ्याकडं आहे, हिवाळ्याचं खास. तू फक्त मी सांगेन तेव्हा पाणी घालायचं."

"हिरवं होईल?"

"होईल."

होईल म्हणून बसलो खरा, आता औषध आणतो कुठून? घरी जाताना रस्ताभर तेच. आणि मग आठवलं. काही वर्षांपूर्वी साहेबांनी थंडीतल्या गवताचं बी मागवलं होतं, एक पोतं. राय म्हणतात त्याला. हे गवत गारठ्यात हिरवंगार उगवतं आणि ऊन तापलं की मरून जातं. साहेबांचं म्हणणं, हिवाळ्यात पाहुणे येतात, लॉन पिवळं बरं दिसत नाही, वरून हे पेरून टाका. मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, आमचं गवत झोपलंय तर झोपू द्या, त्याच्या उरावर दुसऱ्याला नाचवायचं नाही. साहेब म्हणाले होते, "तुमचा हट्ट." होता हट्ट. पोतं स्टोअरच्या कोपऱ्यात उंदरांनी निम्मं खाल्लं होतं. उरलेल्या निम्म्यापुढं मी हात जोडले. साहेबांपुढं नाही जोडले, तेवढा अजून माज होता.

सकाळी उन्हं आल्यावर काम काढलं. पट्टीवरचा काळा लगदा खरवडून लांब नेऊन टाकला. खालची माती खुरप्यानं सैल केली, स्टोअरमागची कोरडी माती चाळून वर पसरली, बी फेकलं, फळीनं दाबलं. गुडघे असे बोलत होते की पेशंट वाटावा मी. खिडकीतून व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "काका, काय करताय?" म्हटलं, "काही नाही." घरीही तेच सांगून सवय.

त्याच्या बायकोला झारी दिली. रोज येऊन ती झारीनं घालायची, अगदी जरासं, मी सांगितलं तसं. दिवस जात होते. मला झोप लागेना. उंदरांनी चाखलेलं बी, त्यात हा गारठा, उगवतंय की नाही. पट्टी आपली काळीची काळी. भाऊ येऊन खोलीचं माप सांगून गेला, खाट कुठं बसेल वगैरे. ड्रायव्हर हो हो म्हणाला.

मग एका दुपारी वाकून बघतो तर केसांसारखं काहीतरी. हिरवट. मला वाटलं, डोळ्यांचं काही झालं. हात फिरवला, तळव्याला गुदगुल्या झाल्या. नीट हिरवं व्हायला आणखी थोडे दिवस गेले. मी कुणाला बोललो नाही. ते तिलाच दिसू दे म्हटलं. ती आली, झारी भरली, पट्टीशी वाकली, आणि झारी तशीच ठेवून आत गेली. बाहेर आली ती खुर्ची ढकलत. थेट पट्टीसमोर नेऊन उभी केली आणि ब्रेक लावला.

तो बघत राहिला. आजूबाजूला सगळं पिवळं, आणि त्याची लेन तेवढी पोपटी.

"काका," तो म्हणाला, "हे तेच गवत?"

"मग काय नवं विकत आणलं मी?"

"हिनं पाणी घातलं म्हणून?"

"तिनंच घातलं रोज. मी काय, ओरडणारा माणूस."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता उठतोय गडी. कसचं काय. खाली वाकून त्यानं त्या पातींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "किती कोवळं आहे हो. यावर पाय कसा द्यायचा?"

मी कपाळाला हात लावला. आगीतून निघालो आणि फुफाट्यात. मेलं म्हणून चालेना, आता जगलं म्हणून चालेना. त्याच्याशी वाद घालायची ताकदच नव्हती रे माझ्यात. मी खाली बसलो, बूट काढले, मोजे काढले. इतकी वर्षं या लॉनवर राबलो, पण हिवाळ्यात कामाशिवाय कधी त्यावर पाय दिला नव्हता. कडेच्या दगडांवरून चालायचो मी, मांजरासारखा. उठलो आणि पट्टीवरून चालत सुटलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुद्दाम पाय दाबून. पायाखाली थंडगार, मऊ. खिडक्यांमध्ये नर्सा जमल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "पायनको काका." धुलाईवाली मावशी म्हणाली, "गेलं याचं डोकं, वाटलंच होतं मला त्या रगाच्या दिवशी."

मी परत आलो, त्याच्यासमोर उभा राहिलो. "मेलं का बघ."

पाती दबल्या होत्या. बघता बघता एकेक वर यायला लागल्या. राय गवत चिवट असतं, ते उठतं. तो त्यांच्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. मग त्यानं काठी मागितली. बायकोनं दिली.

त्या दिवशी फार चालला नाही. पायांना सवय राहिली नव्हती. एकदा बसकण मारली, तर आधी गवत चाचपलं आणि मग कंबर. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून बाहेर आला, आणि त्यानंतर रोज. बाईंनी त्याला पट्टीवरून सिमेंटवर नेला, सिमेंटवरून पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर, तिथून आतल्या जिन्यावर. थंडी सरत आली तेव्हा तो कठडा धरून वरच्या वॉर्डात जाऊन आला आणि तिथल्या पेशंटना हॉर्न वाजवून दाखवला. मोठ्या सिस्टर रागावल्या. रागावताना तोंड फिरवून उभ्या होत्या.

घरी गेला तो. बायको-मुलीकडं, वरच्या मजल्यावर. फार गोड करून सांगत नाही तुला, बस काही परत हातात आली नाही. एक पाय ओढतो. डेपोत खिडकीशी बसून गाड्यांच्या वेळा ओरडतो, आवाज उपयोगी पडला. जिना चढायला वेळ लागतो, मधल्या वळणावर बसतो, पण पोचतो घरी.

इकडं ऊन तापलं. सगळं लॉन जागं झालं, आणि पट्टीवरचं राय गवत पिवळं पडून मेलं. खाली काही नव्हतंच उठायला. नुसती माती. साहेबांनी विचारलं, "इथं काय झालं?" म्हटलं, बुरशी. स्टोअरमागनं मातीसकट गवताचे चौकोन कापून आणले, एकेक वाहून बसवले. कमरेचं काय झालं विचारू नकोस. व्यायामाच्या बाईंनी फुकटात दाबून दिली, हसत हसत. त्यांना कळलं होतं सगळं. सिस्टरनाही. कुणी बोललं नाही.

मला वाटलं, संपलं. पुढच्या थंडीत एका रविवारी बघतो तर फाटकात तिघं उभी. तो, ती आणि मुलगी. लॉन सगळं झोपलेलं, पट्टीसकट. बाईचा चेहरा असा झाला की मला सांगता येत नाही. तो तिथंच काठीवर रेलला, आणि मी बघितलं, त्याचा तो ओढायचा पाय जागच्या जागी थिजला. ती म्हणाली, "काका, या वर्षी पाणी घालायला कुणी नव्हतं ना." आणि स्वतःच झारी शोधायला लागली. मी म्हटलं, "हो, तुझीच वाट बघत होतं." दुसऱ्या सकाळी पोत्यातलं उरलेलं बी पेरलं. ती पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्या आली. राय गवताला थंडीतसुद्धा पाणी लागतंच, त्यामुळे तिचं काही चुकतही नव्हतं. हिरवं झालं. तो त्यावरून एक चक्कर मारून गेला.

तेव्हापासून दर थंडीत येतात. मुलगी आता मोठी झाली, ती येत नाही, तिला कंटाळा येतो. ही दोघं येतात. पोतं संपलं तेव्हापासून बी मीच विकत आणतो आणि आधीच पेरून ठेवतो. खाली झोपलेल्या गवताला त्रास होतो, उन्हाळ्यात ती पट्टी उशिरा उठते, जरा विरळ राहते. राहू दे. बाकीचं लॉन तुला मी शिकवलंय तसंच सांभाळ, त्यात हयगय नको, कुणाचा पाय पडू देऊ नकोस.

पण माझे गुडघे गेले. उद्यापासून मी मुलाकडं राहायला चाललो, लांब आहे ते, येणं होणार नाही. म्हणून एवढं एकच मागणं. बी स्टोअरमध्ये पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, उंदरांपासून लांब. थंडी पडायच्या जरा आधी कुंपणाशी तेवढी पट्टी खरवडून मूठमूठ बी टाक आणि वर चाळलेली माती ओढ. ड्रायव्हरनं विचारलं तर म्हणायचं, तेच गवत आहे. रोपं धरेपर्यंत पाणी तू शिंपड, त्यानंतर ती बाई येऊन घालते, तिला झारी द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. एवढं करशील ना माझ्यासाठी?